मुकादमचाचा आणि कच्चं अंडं

सौदी अरेबियात जुबैलच्या फनातीर भागात, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक छोटं जपानी हॉटेल आहे. शुक्रवारी दुपारी तिथं कुणी हिंदुस्थानी माणूस बायकामुलांना घेऊन शिरला, की कोपऱ्यातल्या दोन माणसांच्या टेबलावरून पांढरा झब्बा घातलेले एक उंच, हडकुळे गृहस्थ उठायचे. नव्या मंडळींच्या टेबलापाशी जायचे, हात मागे बांधून उभे राहायचे आणि गंभीर आवाजात सांगायचे, "भाईसाब, अंडा कच्चा है."

एवढं बोलून परत आपल्या जागेवर.

मंडळी चक्रावून जायची. त्यांनी अजून मेनूसुद्धा उघडलेला नसायचा. कुणाला वाटे हे मालक असावेत, कुणाला वाटे म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं. पंधरा मिनिटांनी ताट यायचं, ताटात एका वाटीत अखंड अंडं असायचं, आणि मग ती मंडळी वळून कोपऱ्याकडे बघायची. कोपऱ्यातून मुकादमचाचा नुसती मान हलवायचे. आपलं कर्तव्य झालं, या समाधानानं ते पुन्हा भाताकडे वळत.

बशीर मुकादम आमच्या प्लांटमध्ये बॉयलर विभागात ऑपरेटर होते. दापोलीकडचे. मी तिथं इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हाच त्यांना जुबैलमध्ये तेवीस वर्षं झाली होती. अख्खा प्लांट त्यांना चाचा म्हणायचा, त्यामुळे मीही म्हणू लागलो. ते मला बाबू म्हणत. माझं नाव महेश आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, याबद्दल मला आजही शंका आहे.

आता त्या अंड्याची हकीकत. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अशक्य आहे, कारण चाचांनीही ती न सांगता कुणाला पुढे जाऊ दिलं नाही.

आमच्या कंपनीच्या कॅम्पात मेस आहे. सकाळी नाश्त्याला प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं मिळतं. ते तिथं कुणी खात नाही. ते खिशात टाकायचं आणि ड्युटीवर दहा-साडेदहाला भूक लागली की खायचं, ही तिथली रीत. चाचा वर्षानुवर्षं हे करत आलेले. अंडं दिसलं की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. हे जपानी हॉटेल नवीन निघालं, स्वस्त आहे म्हणून मेसमध्ये गवगवा झाला, आणि एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर चाचा मला म्हणाले, "बाबू, गाडी काढ. बघून येऊ."

जेवण झालं. वाटीतलं अंडं चाचांनी सवयीनं झब्ब्याच्या वरच्या खिशात घातलं. त्याच खिशात इकामा, म्हणजे तिथलं ओळखपत्र. गाडीत बसलो, मी म्हटलं, "चाचा, सीटबेल्ट." त्यांनी पट्टा ओढून खटकन लावला. पट्टा नेमका खिशावरून गेला, आणि पांढऱ्या झब्ब्यावर पिवळा ओघळ उतरला.

कॅम्पच्या फाटकावर पहारेकऱ्यानं इकामा मागितला. चाचांनी दोन बोटांत धरून दिला. त्यानं तो घेतला, उलटा केला, आपल्या हाताचा वास घेतला आणि विचारलं, "एश हाज़ा?" हे काय? चाचा खाली मान घालून म्हणाले, "बैद." अंडं. पहारेकरी इतका हसला की त्यानं फाटक उघडायला वेळ लावला आणि मागे गाड्यांची रांग लागली. त्या दिवशी चाचांनी ठरवलं, की आपल्या देशाच्या एकाही माणसावर ही वेळ येऊ द्यायची नाही.

मुळात ते अंडं कच्चं देतात ते भातावर फोडून घ्यायला. पण आपल्याला कोण सांगणार? सांगायला चाचा होते.

आता त्या जेवणाविषयी. हॅम्बर्ग स्टेक असं नाव आहे, पण पाव शोधू नका. गोमांसाच्या खिम्याचा चांगला जाड, लंबगोल गोळा, बाहेरून निखाऱ्यावर भाजलेला आणि आतून अजून गुलाबी. सोबत भात, मुळ्याचा कीस, आंबवलेल्या सोयाबीनचं पातळ सार. आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक काळा, हातभर लांबून धग लागेल असा तापलेला दगड. गोळ्याचा तुकडा मोडायचा, दगडावर दाबायचा, आपल्याला हवा तेवढा भाजायचा आणि खायचा. दगड निवला की दुसरा मागायचा. भातही हवा तितका.

चाचा या प्रकारावर लट्टू झाले. दर शुक्रवारी दुपारी दोनला ते तिथं हजर. मला पहिल्यांदा कळेना, की ज्यानं आयुष्यात मेसच्या डाळीला नावं ठेवण्यापलीकडे खाण्याचं काही कौतुक केलं नाही, तो माणूस एका खिम्याच्या गोळ्यासाठी इतका का उतावीळ होतो. एकदा विचारलं, तर तुकडा दगडावर दाबता दाबता म्हणाले, "बाबू, इतकी वर्षं ट्रे पुढे केला आणि पडेल ते खाल्लं. इथं कुणी तरी विचारतं, बशीर, तुला किती भाजलेलं आवडतं? मला तर माहीतच नव्हतं. आत्ता कळायला लागलंय."

भाताबद्दल मात्र त्यांची तक्रार होती. कोकणातला माणूस, भातावर बोलणारच. "हा गुरगुट्या आजारी माणसाचा," ते म्हणत आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करत.

ते दगडाकडे बघत नसत, ऐकत. ही त्यांची प्लांटमधली सवय. त्यांच्याकडे हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. पंप चालू असताना त्याचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटून मिनिटभर उभे राहायचे. एकदा एका पंपाविषयी ते म्हणाले, हा आजारी आहे. कंपन मोजायच्या मीटरवर सगळं ठीक दिसत होतं. सुपरवायझर म्हणाला, मीटर बरोबर आहे. चाचा म्हणाले, "मीटरला सांगा, आधी ऐक." तीन दिवस ते त्या सुपरवायझरच्या मागे लागले. शेवटी कटकट नको म्हणून पंप उघडला, तर बेअरिंगचा पिंजरा तडकलेला. सुपरवायझरनं त्यांची पाठ थोपटली. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला आणि चहा प्यायला गेले.

तसंच इथं. तुकडा दगडावर पडला की ते कान खाली न्यायचे. चर्र आवाज भरघोस असेतोवर खूश. आवाज बारीक झाला की सरळ बसून म्हणायचे, "खलास. लीझा, पत्थर." लीझा म्हणजे तिथली फिलिपिनो बाई. जपानमध्ये बरीच वर्षं स्वयंपाकघरात काढून आलेली, पन्नाशीची, कडक. ती इंग्रजीत बोलायची, चाचा हिंदीत, आणि दोघांचं उत्तम जमायचं. पुढे पुढे ती चाचांचा दगड निवायच्या आत दुसरा घेऊन उभी राहू लागली.

एक गोष्ट सांगायलाच हवी. मी गोमांस खात नाही हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी लीझाला सांगितलं, "इसका चिकन. और पत्थर अलग, नया, धुला हुआ." मी चकित झालो. म्हणाले, "मेसमध्ये तू कुठल्या भांड्यातून वाढून घेतोस ते दिसतं की." नंतर प्रत्येक वेळी माझा दगड आला की ते आधी लीझाकडे बघायचे, ती मान हलवायची, आणि मगच मला खायला परवानगी मिळायची. मला या माणसाचा फार लळा लागला, आणि तो त्या दगडापासून लागला असं मला वाटतं.

पण चाचा तिथं नुसते जेवायला येत नव्हते. ते तालीम करत होते.

त्यांच्या बायकोचं नाव शरीफा. लग्नाला एकतीस वर्षं झालेली, त्यांतली दोन-अडीच वर्षं काय ती एकत्र, तीही सुट्ट्या जोडून. सुरुवातीला चाचांच्या हुद्द्याला बायकोला आणायची मुभाच नव्हती. पुढे भेटीच्या व्हिसाची सोय झाली, तर शरीफाचाचीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव निघालं आणि ते बदलण्यात वर्ष गेलं. चाचांची एकच इच्छा होती. आपण जिथं आयुष्य काढलं ते तिनं एकदा बघावं, आणि दोघांनी हॉटेलात समोरासमोर बसून जेवावं. लग्नानंतर दोघं कधी हॉटेलात गेलेच नव्हते. गावाकडे सुट्टीवर गेलं की घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि चाची कायम चुलीपाशी.

"पण नेऊ कुठं?" ते म्हणत. "मोठ्या हॉटेलात ती घाबरून पाणीसुद्धा पिणार नाही." मग हे हॉटेल मिळालं आणि प्रश्न सुटला. स्वस्त, लहान, शांत, दोघांचं टेबल, आणि पुढ्यात काहीतरी करायला दगड. "हात रिकामे असले की शरीफाला बसवत नाही," हे त्यांचं कारण मला फार पटलं.

आणि म्हणून शुक्रवारी मी खुर्ची ओढली की चाचा म्हणायचे, "बाबू, आज तू शरीफा."

मी शरीफा व्हायचो. दाढी-मिशा असलेली, साडेपाच फुटी शरीफा.

"शरीफा, हा दगड गरम आहे. हात लावू नको."

"बरं," मी म्हणायचो.

"बरं नाही म्हणणार ती. हात लावून बघील."

मी हात पुढे करायचो. ते ओरडायचे, "अरे भाजेल!"

"चाचा, तुम्हीच म्हणालात."

"शरीफा मला चाचा म्हणत नाही. नीट कर."

मग त्यांचं भाषण सुरू व्हायचं. आधी दगड, मग तुकडा केवढा मोडायचा, मग मुळ्याचा कीस, मग अंडं कच्चं आहे ही ताकीद. मध्येच थांबून ते स्वतःच तिची शंका काढायचे, "ती विचारील, खिमा अर्धा कच्चा का देतात? गॅस संपला काय यांचा?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "शेवटचं शिजवणं आपल्या हातात ठेवलंय, शरीफा." हे वाक्य त्यांना फार आवडायचं. दोनदा म्हणायचे. दुसऱ्यांदा जरा हळू.

मी तिच्या बाजूनं मनाचे प्रश्न घातले तर त्यांना चालत नसे. मी एकदा विचारलं, "या समुद्राचं नाव काय?" तर म्हणाले, "समुद्र तिनं जन्मभर बघितलाय. ती विचारील, एवढी भांडी घासतं कोण?" माझ्या लक्षात आलं, की आपण कधी न पाहिलेल्या बाईला हळूहळू ओळखू लागलोय.

एका हिवाळ्यात सगळं जमलं. व्हिसा आला, तिकीट झालं, चाचांनी कॅम्पबाहेर खोली बघून ठेवली. ती खोली त्यांनी मला चार वेळा दाखवली. चाचींचं विमान होतं शनिवारी. बुधवारी गावाकडून फोन आला, की चाचांची आई अंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. चाचींनी येणं रद्द केलं. सासूला टाकून त्यांनी येणं शक्यच नव्हतं, आणि चाचांनीही त्यांना ये म्हटलं नाही.

त्या शुक्रवारी मला वाटलं ते येणार नाहीत. पण दोन वाजता ते कोपऱ्यात होते. मी समोर बसलो. ते म्हणाले, "आज तू शरीफा नाहीस. आज तू तूच." दगडाकडे कान नेला नाही. दगड निवला तरी त्यावर तुकडे ठेवत राहिले, आणि तसेच गार, गुलाबी तुकडे खात राहिले. लीझा न बोलावता नवा दगड घेऊन आली, जुना उचलला, आणि चाचांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून गेली. मला रडू येत होतं म्हणून मी भातात बघत बसलो.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. चाचींनी तिचं सगळं केलं. ती गेल्यावर चाचा महिनाभर गावी जाऊन आले, आणि आल्या आल्या त्यांच्या हातात कंपनीचं पत्र पडलं. साठी पूर्ण होत होती. करार वाढणार नव्हता. तीन महिन्यांनी कायमचं परत जायचं.

म्हणजे आता तीन महिने होते. त्यात चाची आल्या तर आल्या, नाहीतर जुबैलही संपलं आणि ते दोघांचं टेबलही.

पुढचे पंधरा दिवस मी, माझी बायको अश्विनी आणि सातवीतली मुलगी रेवा, आम्ही तिघंही याच कामाला लागलो होतो. व्हिसाचा अर्ज रेवानं मोबाइलवर भरला, कारण चाचांचा तिच्यावरच विश्वास होता. एकेक अक्षर ते दोनदा तपासायला लावायचे. व्हिसा मंजूर झाल्याचा निरोप आला तेव्हा ते बॉयलरपाशी होते. तिथल्या गोंगाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून मी धावत खाली गेलो आणि हातवारे करून सांगितलं. त्यांनी हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, आणि माझा हात इतका दाबला की संध्याकाळपर्यंत बोटं दुखत होती.

चाची एकट्या विमानात बसून दम्मामला उतरल्या. शुक्रवारी हॉटेल ठरलंच होतं. आदल्या दिवशी चाचा आमच्या घरी आले.

"तुम्ही सगळे या," ते म्हणाले. "पण लांबच्या टेबलावर बसा. ओळख नंतर करून देतो."

"मग बोलावता कशाला?" अश्विनीनं हसून विचारलं.

"काही विसरलो तर बाबू दिसला म्हणजे आठवेल."

म्हणून आम्ही दोन टेबलं सोडून बसलो. आणि शरीफाचाची आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, जाड भिंगाचा चष्मा, काळ्या पायघोळ अबायावर घरची फुलाफुलांची ओढणी. माझी इतक्या वर्षांची भूमिका ज्यांच्यासाठी होती त्या बाईंना मी आज पहिल्यांदा प्रत्यक्ष बघत होतो. चाचांनी नवा झब्बा घातला होता. त्यांचे हात टेबलावर एका जागी थांबत नव्हते.

"पपा, अंकल इतने नर्व्हस क्यों हैं?" रेवा कुजबुजली.

लीझानं स्वतः ताटं आणली. दोन दगड मांडले. चाचांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि त्यांना पहिलं वाक्य आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी म्हटलं, "दगड." पण तोवर चाचींनी पाण्याच्या ग्लासात बोट बुडवलं होतं. त्यांनी एक थेंब दगडावर शिंपडला, घरी तव्यावर शिंपडतात तसा. चर्र झालं. त्यांनी मान हलवली, ओढणी मागे सारली, तुकडा मोडला, चमच्याच्या पाठीनं दगडावर दाबला, बरोबर वेळेला उलटवला आणि चाचांच्या भातावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमाला असा आवडतो."

चाचांनी तो खाल्ला. तीन वर्षं शुक्रवारमागून शुक्रवार भाजून भाजून त्यांना स्वतःची जी आवड शोधावी लागली होती, ती चाचींना ठाऊकच होती. तो तुकडा ते किती तरी वेळ चावत होते. इतक्यात एक मल्याळी कुटुंब आत शिरलं. मी चाचांकडे पाहिलं, पण ते उठले नाहीत. त्यांना कळलंही नसावं. शेवटी लीझानंच जाऊन त्या कुटुंबाला अंड्याचं सांगितलं.

चाचींनी आजूबाजूला पाहून काहीतरी विचारलं, आणि चाचा मोठ्यानं हसले. मी पैज लावून सांगतो, त्यांनी विचारलं असणार, भांडी कोण घासतं.

आम्ही जेवण आटोपलं. चाचांनी खूण केली म्हणून ओळख करून घ्यायला मी त्यांच्या टेबलाकडे निघालो. मी जवळ पोचेतोवर चाचींनी आपल्या वाटीतलं अंडं उचललं, कागदी रुमालात अलगद गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं.

"उद्या डूटीला न्या," त्या चाचांना म्हणाल्या. "दहाला भूक लागते ना तुमाला. फोनवर सांगायचात."

मी मध्येच थांबलो. अख्ख्या हिंदुस्थानाला सावध करणारा माणूस समोर बसला होता. माझंच तोंड उघडलं. तेवढ्यात चाचांनी चाचींच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

मग त्यांनी आपल्या वाटीतलं अंडं उचललं आणि चाचींच्या हातात दिलं. "हेही ठेव," ते म्हणाले. "हे तुला."

ओळख झाली, चाचींनी रेवाच्या गालावरून हात फिरवला, घरी यायचं आमंत्रण दिलं. पुढच्याच आठवड्यात प्लांटचं मोठं काम निघालं, माझ्या सलग शिफ्टा लागल्या, आणि ती दोघं मायदेशी गेली तेव्हा मी बॉयलरच्या आत होतो. त्यामुळे दोघांचं एकत्र असं माझ्याकडे राहिलं ते त्या दुपारचंच शेवटचं दर्शन.

हॉटेलच्या काचेतून रस्ता दिसत होता. टॅक्सी उभी होती. पर्स चाचांनी चाचींकडून मागून घेतली होती आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उन्हातून सावकाश चालत होते. दोघं मागच्या सीटवर बसली. त्यांनी आधी चाचींचा सीटबेल्ट लावला. मग पर्स एका हातानं छताजवळ उंच धरून दुसऱ्या हातानं स्वतःचा पट्टा ओढला, आणि टॅक्सी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ती पर्स त्यांनी खाली आणली नाही.